ऑपरेशनची वेळ का चुकते? घरच्यांनी काय करावे?

घरात कोणाचे ऑपरेशन ठरले की सगळ्या घराची घडी त्या एका तारखेभोवती बसते. मुलगा रजा टाकतो, सून मुलांची सोय शेजारी किंवा आजोळी करते, गावाहून आत्या येते, पैशांची जुळवाजुळव होते. रुग्ण तर आदल्या रात्रीपासून उपाशी असतो. सकाळी ७ वाजता गाऊन घालून, हातात सुई टोचून तो तयार होतो. ८ वाजतात, १० वाजतात, दुपारचा १ वाजतो. शेवटी ३ वाजता सिस्टर येऊन सांगते, "आज होणार नाही, उद्या बघू."

अशा वेळी चिडचिड होणे अगदी स्वाभाविक आहे. बहुतेक नातेवाइकांची समजूत होते की डॉक्टर उशिरा आले असतील किंवा कोणा ओळखीच्या माणसाला मध्येच घुसवले असेल. कधी कधी ते खरेही असते. पण ऑपरेशन थिएटरचा उशीर बहुतेक वेळा थिएटरच्या आत सुरूच होत नाही. तो सुरू होतो वॉर्डात, रक्तपेढीत, विम्याच्या खिडकीवर, आयसीयूच्या दारात आणि कधी कधी आपल्या स्वयंपाकघरातही. म्हणूनच तो कमी करण्यात रुग्णालयाचा वाटा मोठा असला, तरी घरच्यांचा वाटाही छोटा नाही. तो कसा, हे समजून घ्या.

एक तारीख हुकली तर काय बिघडते?

दिल्ली-एनसीआरमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना गावाकडून येणारा तो फोन चांगलाच ओळखीचा असतो, "एम्समध्ये दाखवायचे आहे, चार दिवस तुमच्याकडे उतरू का?" ते चार दिवस कधी पंधरा होतात, कळतही नाही. ज्यांचे इथे कोणीच नाही, ते एम्स आणि सफदरजंग रुग्णालयाच्या परिसरात फुटपाथवर किंवा मेट्रो स्टेशनजवळच्या भुयारी मार्गात पथारी टाकतात. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश अशा कुठून कुठून आलेली ही माणसे असतात. त्यांच्यासाठी "उद्या बघू" याचा अर्थ आणखी एका दिवसाची मजुरी बुडणे, परतीचे तिकीट रद्द होणे आणि थंडीची आणखी एक रात्र उघड्यावर काढणे असा असतो.

खासगी रुग्णालयात पुढे ढकललेले ऑपरेशन बहुधा एक-दोन दिवसांत होते, पण खोलीचे भाडे वाढते. मोठ्या सरकारी रुग्णालयात मात्र यादी इतकी लांब असते की हुकलेली तारीख पुन्हा मिळायला कधी काही आठवडे, कधी काही महिनेही लागू शकतात. तोपर्यंत रक्ताच्या तपासण्या जुन्या होतात आणि भूलतज्ज्ञांची तपासणी पुन्हा करावी लागते. आजारही तेवढा वेळ थांबून राहतोच असे नाही.

ही अडचण सरकारलाही माहीत आहे. २०१७ मध्ये दिल्ली सरकारने एक योजना सुरू केली. दिल्लीच्या रहिवाशाला सरकारी रुग्णालयात ऑपरेशनची तारीख एक महिन्यापेक्षा पुढची मिळत असेल, तर ठरावीक ऑपरेशन्स पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात मोफत करून घेण्याची सोय त्यात होती. खर्च दिल्ली आरोग्य कोषातून दिला जाणार होता. म्हणून लांबची तारीख हातात पडली की गप्प घरी येऊ नका. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात किंवा मदत खिडकीवर जाऊन, आपल्याला कोणती योजना लागू होते, हे नक्की विचारा.

थिएटरच्या एका दिवसाचा हिशोब

उशीर का होतो हे समजायला साधा हिशोब मांडून पाहा. समजा, एक थिएटर सकाळी ८ ते दुपारी ४ चालते. म्हणजे ४८० मिनिटे. त्या दिवशी यादीत २ तासांची ३ ऑपरेशन्स आहेत, म्हणजे ३६० मिनिटे. दोन ऑपरेशन्सच्या मध्ये खोली स्वच्छ करून पुन्हा मांडायला ३० मिनिटे लागतात, अशा दोन वेळा, म्हणजे ६० मिनिटे. एकूण झाली ४२०. कागदावर पूर्ण एक तास शिल्लक आहे.

आता पहिल्या रुग्णाचा एक रिपोर्ट सापडेना म्हणून सुरुवात ४५ मिनिटे उशिरा झाली. मधल्या दोन्ही वेळा ३० ऐवजी ४५ मिनिटे लागली. बेरीज करा: ४५ अधिक ३६० अधिक ९०, म्हणजे ४९५ मिनिटे. कोणीही आळस केला नाही, कोणतेही ऑपरेशन लांबले नाही, तरी दिवस १५ मिनिटांनी कमी पडला. तिसऱ्या रुग्णाला दुपारी २ च्या सुमारास हात लावायचा की नाही, हे डॉक्टरांना ठरवावे लागते. संध्याकाळची भूलतज्ज्ञांची आणि परिचारिकांची टीम फक्त तातडीच्या रुग्णांपुरती असेल, तर तिसऱ्या रुग्णाला वॉर्डात परत पाठवले जाते.

म्हणजेच सकाळी ८ वाजता गेलेली ४५ मिनिटे पहिल्या रुग्णाला जाणवत नाहीत. त्याचे ऑपरेशन होऊन जाते. त्या मिनिटांची किंमत दुपारी तिसरा रुग्ण मोजतो, आणि आपण का राहिलो, हे त्याला कोणी सांगतही नाही. म्हणूनच चांगली रुग्णालये दिवसाचे पहिले ऑपरेशन वेळेवर सुरू झाले का, याची रोज नोंद ठेवतात.

वेळ नेमका कुठे गळतो?

रुग्णालयाच्या बाजूने पाहिले तर गळतीच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे रुग्णाची ने-आण. वॉर्ड एका मजल्यावर, थिएटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोर रांग आणि ट्रॉली ढकलणारा कर्मचारी एकच. थिएटर रिकामे असते, डॉक्टर हात धुऊन उभे असतात आणि रुग्ण लिफ्टची वाट पाहत असतो.

दुसरी जागा म्हणजे उपकरणे. एका ऑपरेशनची अवजारे वापरून झाली की ती धुणे, तपासणे, बांधणे, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करणे आणि थंड होऊ देणे या सगळ्याला काही तास लागतात. एखाद्या खास अवजाराचा रुग्णालयात एकच संच असेल आणि दोन डॉक्टरांनी त्याच दिवशी तो गृहीत धरला असेल, तर दुसऱ्या रुग्णाने थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

तिसरी जागा म्हणजे आयसीयूची खाट. मोठ्या ऑपरेशननंतर रुग्णाला आयसीयूत ठेवायचे असेल, तर तिथे खाट रिकामी असल्याशिवाय ऑपरेशन सुरूच करता येत नाही. तिथला रुग्ण वॉर्डात हलवला तर खाट मिळणार. वॉर्डातली खाट तिथला रुग्ण घरी गेल्यावर मिळणार. आणि त्याचे बिल, विमा, औषधांची यादी यात दुपार उलटून गेलेली असते.

चौथी जागा म्हणजे तातडीचे रुग्ण. रस्त्यावरचा अपघात, फुटलेले अपेंडिक्स, अडलेली बाळंतीण यांना थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. जिथे अशा रुग्णांसाठी वेगळे थिएटर असते, तिथे ठरलेली यादी फारशी कोलमडत नाही. दिल्लीत एम्सने अपघातातल्या जखमींसाठी जयप्रकाश नारायण अपेक्स ट्रॉमा सेंटर वेगळे उभारले आहे. अशा व्यवस्थेमुळे जखमींना लवकर उपचार मिळतातच, शिवाय ठरलेल्या ऑपरेशन्सचे वेळापत्रकही टिकते.

दोन ऑपरेशन्सच्या मधली स्वच्छता मात्र या गळतीत मोजू नका. जमीन पुसणे, वापरलेला कचरा रंगीत पिशव्यांत वेगळा करणे, चादरी बदलणे, भुलेचे यंत्र पुन्हा तपासणे ही कामे घाईत उरकली, तर त्याची भरपाई पुढच्या रुग्णाला जंतुसंसर्गाने करावी लागते. स्वच्छतेला लागणारा वेळ लागणारच. कमी करायचा आहे तो कोणाची तरी वाट पाहण्यात जाणारा वेळ.

दोन मिनिटे थांबण्याचा फायदा

थिएटरमध्ये घाई केली की काम लवकर होते, असे बाहेर बसलेल्यांना वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते, आणि याचा एक महत्त्वाचा पुरावा दिल्लीतूनही मिळाला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी जाहीर केली. ती तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व डॉ. अतुल गवांदे यांनी केले. ते अमेरिकेत जन्मलेले सर्जन आणि लेखक असले, तरी त्यांचे मूळ आपल्याच मातीतले आहे. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातल्या उटी या खेड्यातून शिकून अमेरिकेत गेले आणि तिथे मूत्रविकारांचे सर्जन झाले.

ही यादी जगातल्या आठ शहरांत वापरून पाहिली गेली: टोरांटो, लंडन, सिएटल, ऑकलंड, अम्मान, मनिला, टांझानियातले इफाकारा आणि आपली नवी दिल्ली. दिल्लीत त्यासाठी निवडलेले रुग्णालय होते तीस हजारीजवळचे सेंट स्टीफन्स, १८८५ मध्ये सुरू झालेले. ऑक्टोबर २००७ ते सप्टेंबर २००८ या काळात, यादी वापरण्यापूर्वीचे ३,७३३ आणि वापरल्यानंतरचे ३,९५५ रुग्ण अभ्यासले गेले. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठही रुग्णालयांचा एकत्रित हिशोब असा की गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले आणि मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर.

या यादीत एकही महागडे यंत्र नाही. टीम तीन वेळा थांबते: भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी. हा रुग्ण तोच आहे ना? ऑपरेशन उजव्या बाजूचे की डाव्या? कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी? रक्त लागले तर तयार आहे का? अँटिबायोटिक दिले का? अवजारे निर्जंतुक आहेत का? शेवटी, सुया आणि कापडाच्या पट्ट्या मोजून बरोबर आहेत का? खोलीतले सगळे एकमेकांना नाव आणि काम सांगतात, म्हणजे काही चुकतेय असे वाटले तर कनिष्ठ सिस्टरलाही बोलायला संकोच वाटत नाही.

या थांबण्यात काही मिनिटेच जातात. पण पोट उघडल्यावर "अरे, रक्त मागवलेच नाही" किंवा "तो स्टेपलर कुठे आहे?" असे लक्षात आले, तर अर्धा तास सहज जातो आणि तोही रुग्ण भुलेखाली असताना. म्हणजे सुरुवातीला थांबून विचारलेले दोन प्रश्न नंतरचा उशीर वाचवतात.

अर्थात, यादी भिंतीवर लावली की काम झाले असे नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ही यादी लागू केल्यावर काय झाले, याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मृत्यू आणि गुंतागुंतीत लक्षणीय घट दिसली नाही. यादी कशी वापरली जाते, यावर बरेच काही अवलंबून असते. सवयीने खुणा करून फॉर्म फाइलला लावला, तर तो आणखी एक कागदच ठरतो.

मदुराईचा धडा

वेग आणि काळजी एकत्र कशी चालते, हे पाहायचे तर तामिळनाडूतल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाकडे पाहा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिथे सर्जनजवळ दोन टेबले असतात. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण पूर्ण तयार केला जातो. पहिले संपले की सर्जन दुसऱ्या टेबलाकडे वळतात. रुग्णाला आणणे, डोळा स्वच्छ करणे, अवजारे मांडणे ही सगळी कामे खास प्रशिक्षण दिलेल्या मुली करतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी आसपासच्या खेड्यांतल्या असतात.

लक्षात घ्या, तिथे सर्जनचा हात घाईत चालत नाही. फक्त त्याला वाट पाहावी लागत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन छोटे आणि ठरावीक पद्धतीचे असते, म्हणून हे इतके नेटके जमते. कर्करोगाच्या किंवा हृदयाच्या ऑपरेशनला हीच पद्धत जशीच्या तशी लावता येणार नाही. पण मुद्दा सगळीकडे लागू होतो: जे काम आधी करता येते, ते थिएटरच्या वेळात करू नका. आणि हा नियम आपल्या घरालाही लागू आहे.

घरच्यांमुळे ऑपरेशन कसे अडते?

ऐनवेळी ऑपरेशन रद्द होण्याची काही कारणे रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या बाजूची असतात. चहाचा एक घोट, बंद न केलेली रक्त पातळ करणारी गोळी, वाढलेली साखर, हरवलेला रिपोर्ट, अंगावरचा ताप लपवणे, सही करायला कोणी हजर नसणे. यातले जवळजवळ सगळे टाळता येते. त्यासाठी पुढच्या गोष्टी आधीच करून ठेवा.

आठवडाभर आधी

औषधांची संपूर्ण यादी एका कागदावर लिहा. त्यात बीपी, मधुमेह, थायरॉईड, दमा यांची औषधे तर हवीतच, पण वैद्यांची चूर्णे, काढे, वजन कमी करण्याची इंजेक्शने, प्रोटीन पावडर असे सगळे लिहा. "ते आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार" असे म्हणून काहीही लपवू नका. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी औषधे आणि मधुमेहाच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवाव्या लागू शकतात. कोणती आणि केव्हा, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञच ठरवतील. मनाने एकही गोळी बंद करू नका. बीपीची गोळी तर अनेकदा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

भूलतज्ज्ञांची तपासणी शेवटच्या दिवसावर ढकलू नका. त्यांनी हृदयाचा इको किंवा छातीचा एक्स-रे सांगितला, तर तो करायला वेळ हवा. दात हलत असेल, घोरण्याचा त्रास असेल, पूर्वी भुलेचा त्रास झाला असेल, तर तेही सांगा. रक्त लागण्याची शक्यता असेल, तर रक्तपेढीत काय करावे लागेल हे याच आठवड्यात विचारून घ्या.

कॅशलेस विमा असेल, तर ठरलेल्या ऑपरेशनच्या मंजुरीचे कागद दोन-तीन दिवस आधीच पाठवायला सांगा. विमा नियामक आयआरडीएआयने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय देण्याचे आणि घरी सोडण्याच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. हा नियम माहीत असेल, तर खिडकीवर तुम्ही ठामपणे बोलू शकता. पण अपुरा फॉर्म किंवा आधार कार्डावर वेगळे आणि पॉलिसीवर वेगळे नाव असेल, तर चूक दुरुस्त करण्यातच वेळ जातो. नावांची स्पेलिंग आधीच जुळवून पाहा.

आदल्या दिवशी

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा आणि त्यांची कागदी प्रत जवळ ठेवा. "सगळे कॉम्प्युटरमध्ये आहे" यावर विसंबू नका. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा सर्व्हर बंद पडले आणि अनेक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामे हाताने करावी लागली. अशा वेळी ज्याच्या हातात कागद असतो, त्याचे काम अडत नाही.

सर्दी, ताप, खोकला, जुलाब, ऑपरेशनच्या जागी पुरळ किंवा पाळी सुरू झालेली असेल, तर लगेच रुग्णालयाला फोन करून कळवा. ताप असतानाही गप्प राहून दाखल झालात, तर टेबलाजवळून परत यावे लागेल. आधी कळवले तर तुमच्या जागी दुसऱ्या रुग्णाचे काम होईल आणि तुम्हालाही नवी तारीख मागता येईल.

नेलपॉलिश काढा, नखे कापा. बोटाला लावलेल्या यंत्रातून शरीरातला ऑक्सिजन मोजतात, त्यात गडद रंगाने अडथळा येऊ शकतो. लग्नसराईत ऑपरेशन असेल, तर बोटांवर मेंदी काढणे टाळा. दागिने घरीच ठेवा. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढताना आई-सासूबाईंच्या मनाला लागते, हे खरे. म्हणूनच हा विषय थिएटरच्या दारात नको, आदल्या दिवशी घरात प्रेमाने बोला. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारी उपकरणे वापरतात आणि अंगावरच्या धातूमुळे भाजण्याचा धोका असतो, असे समजावले की त्या सहसा ऐकतात. घट्ट बसलेली अंगठी साबणाच्या पाण्याने घरीच निघते. तिथे ती कापावी लागते.

उपाशी राहण्याचे गणित

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. भूल दिल्यावर पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून पोट रिकामे लागते. सर्वसाधारण नियम असा आहे: हलक्या जेवणानंतर ६ तास, तळलेल्या किंवा मांसाहारी जेवणानंतर ८ तास, तान्ह्या बाळाला आईच्या दुधानंतर ४ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास. दुधाचा चहा पाण्यात मोजला जात नाही, तो जेवणात मोजला जातो. "एवढाच घोटभर" म्हणून दिलेल्या चहाने ऑपरेशन सहा तास मागे जाते, म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी.

याची दुसरी बाजूही समजून घ्या. "रात्री १२ नंतर काहीच नाही" असे सरसकट सांगितले आणि नंबर दुपारी ३ ला आला, तर रुग्ण १५ तास पाण्याविना राहतो. लहान मुले, म्हातारी माणसे आणि मधुमेही यांना हे फार जड जाते. म्हणून आदल्या दिवशीच विचारा, "आमचा नंबर कितवा आहे? पाणी किती वाजेपर्यंत देऊ?" तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळच अंतिम माना, पण ती विचारून घ्या. मधुमेही रुग्णाला किंवा लहान मुलाला यादीत लवकर घेता येईल का, हेही विचारा. अनेक रुग्णालयांत तसा प्रयत्न केला जातो.

ऑपरेशनच्या दिवशी

दिल्ली-एनसीआरमध्ये गाझियाबाद, नोएडा किंवा गुरुग्रामहून सकाळी निघणार असाल, तर ट्रॅफिक आणि डिसेंबर-जानेवारीतले धुके धरून वेळ ठरवा. जमल्यास आदल्या रात्रीच जवळ मुक्काम करा. संमतीपत्रावर सही करणारी व्यक्ती हजर हवी, फोन चालू हवा आणि ती कँटीनला गेली तरी सिस्टरला सांगून जायला हवी. दहा नातेवाइकांनी दहा वेळा विचारण्यापेक्षा एकाच व्यक्तीने सगळे बोलावे.

संमतीपत्र न वाचता सही करू नका. ऑपरेशनचे नाव, बाजू, धोके आणि पर्याय हे तुमच्या भाषेत समजावून घेणे हा तुमचा हक्क आहे. पण हे प्रश्न आदल्या दिवशी विचारा. ट्रॉलीवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घाईतच मिळते.

आत जाताना नाव, ऑपरेशन आणि बाजू तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारली, तर "सारखे काय विचारता" असे म्हणू नका. हीच ती गवांदेंची यादी. उलट कोणी विचारलेच नाही, तर तुम्ही स्वतःहून सांगा.

तरीही ऑपरेशन पुढे गेले तर?

भांडून त्या दिवशी थिएटर मिळणार नाही. पण चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय हलूही नका. एक, नेमके कारण काय? दोन, नवी तारीख कोणती आणि त्या दिवशी आमचा नंबर आधी लागेल का? तीन, आता रुग्णाला खायला काय आणि कधी द्यायचे, थांबवलेली औषधे पुन्हा सुरू करायची का? चार, कोणत्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतील? शक्य असेल तर कारण आणि तारीख केसपेपरवर लिहून घ्या. यातला तिसरा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. ऑपरेशन रद्द झाले हे सगळ्यांना कळते, पण रुग्णाला जेवायला द्यायचे राहून जाते.

तुमचा डिस्चार्ज, दुसऱ्याचे ऑपरेशन

रुग्ण बरा झाल्यावर घरी नेताना आपण निवांत होतो. "राहुकाळ संपू दे", "मुलगा ऑफिसमधून येऊ दे", "दुपारचे जेवण इथेच उरकू" असे म्हणत संध्याकाळ होते. पण वर सांगितलेली खाटांची साखळी आठवा. तुम्ही सकाळी सोडलेली खाट आयसीयूतल्या रुग्णाला मिळते, त्याची खाट थिएटरमधून येणाऱ्याला मिळते आणि मग कोणाचे तरी थांबलेले ऑपरेशन सुरू होते. त्यामुळे डिस्चार्ज उद्या आहे असे कळले की बिलाची चौकशी, विम्याचे कागद, औषधे आणि गाडी यांची सोय आदल्या संध्याकाळीच करा.

रुग्णालयांनी तर आपले काम करायलाच हवे. पहिले ऑपरेशन वेळेवर सुरू करणे, यादी खरी आणि झेपेल एवढीच ठेवणे, तातडीच्या रुग्णांसाठी वेगळी सोय करणे आणि बाहेर ताटकळणाऱ्या घरच्यांना दर तासाला एक वाक्य तरी सांगणे ही त्यांची जबाबदारी आहे. ती आपण नम्रपणे पण सतत मागितली पाहिजे. मात्र पुढच्या वेळी घरात ऑपरेशन ठरेल, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून थांबू नका. त्याच दिवशी फाइल काढा, औषधांची यादी लिहा आणि भूलतज्ज्ञांची वेळ घ्या. असे केल्याने तुमची वेळ पाळली जाण्याची शक्यता वाढेल आणि तुमच्यानंतर यादीत तिसरा नंबर असलेला तो अनोळखी रुग्णही उपाशी पोटी परत जाणार नाही.